टाकू नका, भालेकर मॅडमना द्या!

लायब्ररीत आयुष्य काढलेल्या माणसाला वाटायला लागतं, की जगातल्या प्रत्येक गोष्टीला एक नंबर असतो आणि ती गोष्ट त्या नंबरावरच सापडते. किस्स्यांचं तसं नाही. ते कुठंही साठतात. चहाच्या टपरीवर, पार्किंगमध्ये हेल्मेट काढता काढता, कुणाच्या तरी डोहाळजेवणात. भालेकर मॅडमचे किस्से तर इतके साठलेत, की आम्ही चार जुने लोक एकत्र आलो तर पाचव्याला बोलायला मिळत नाही!

मॅडम आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संचालक होत्या. आता त्यांच्यावर गौरव अंक निघतोय. संपादकांचा मला फोन आला. "मॅडमनी संशोधकांसाठी जे विशेष संग्रह उभे केले, त्यांचा आढावा लिहून द्या."

मी म्हटलं, "आढावा प्राध्यापक मंडळी घेतील. मी पडले रेफरन्स सेक्शनची. मला आढावा येत नाही, मला मॅडम आठवतात."

"बरं, मग जे आठवतं ते लिहा," संपादक म्हणाले. "पण थोडक्यात!"

बघू जमतंय का.

* * *

मॅडम रुजू होणार होत्या त्या दिवशी आम्ही सगळे मुख्य दाराशी गुच्छ घेऊन उभे. सगळ्यात पुढे गोडबोले, आमचे उपग्रंथपाल. राहायला नारायण पेठेत, शर्टाची इस्त्री कधी मोडलेली नाही, आणि आडनाव सोडलं तर गोड असं काही नाही. नव्या बाई नगरकडच्या कॉलेजातून येताहेत, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

गुच्छातल्या फुलांनी माना टाकल्या तरी बाईंचा पत्ता नाही. तेवढ्यात मागच्या बाजूने शिपाई धावत आला. "साहेब, रद्दीच्या टेम्पोपुढं एक बाई उभ्या राहिल्यात. टेम्पो हलू देईनात!"

झालं होतं असं, की नव्या संचालकांना स्टोअर रूम चकचकीत दिसावी म्हणून गोडबोल्यांनी जुने, कुणी हात न लावलेले कागद त्याच दिवशी रद्दीत काढले होते. ते तणतणत मागच्या दाराकडे गेले, आम्ही त्यांच्या मागे. टेम्पोच्या पुढ्यात एक बाई. सुती साडी, पाठीला सॅक, आणि छातीशी जुन्या नाटकांच्या हँडबिलांचा गठ्ठा.

गोडबोले कडाडले, "अहो बाई, हे विद्यापीठाचं ग्रंथालय आहे! रद्दीचं दुकान नाही!"

बाई शांतपणे वळल्या. "तेच मी मघापासून या टेम्पोवाल्यांना सांगतेय."

गुच्छ शेवटी कुणी दिला ते आता कुणालाच आठवत नाही. टेम्पो रिकामा गेला, हे सगळ्यांना आठवतं.

* * *

मॅडमचं म्हणणं साधं होतं. पुस्तकं लोक जपतात. पण जे वापरून फेकून देतात ते पुढे कुठंच मिळत नाही, आणि संशोधकाला नेमकं तेच हवं असतं. म्हणून त्यांनी लग्नपत्रिका जमवायला सुरुवात केली. आम्हाला फर्मान निघालं: माळ्यावर बघा, आजीच्या ट्रंकेत बघा, शेजाऱ्यांना विचारा. "टाकू नका, भालेकर मॅडमना द्या!" हे वाक्य कँटीनमध्ये उरलेल्या वड्याबद्दलसुद्धा म्हटलं जाऊ लागलं.

एका मीटिंगमध्ये इतिहासाच्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांना ते असह्य झालं. "मॅडम, आज पत्रिका. उद्या तुम्ही बारशाच्या पेढ्यांचे बॉक्सही जमवाल!"

मॅडमनी पेन उघडलं. "आहे का तुमच्याकडे एखादा? पेढे संपलेले असले तरी चालेल."

सर त्यानंतर बरेच दिवस लायब्ररीच्या जिन्यावरून खाली बघत जायचे. पुढे गंमत अशी झाली, की त्यांच्याच एका विद्यार्थिनीने त्या पत्रिकांवर पीएच.डी. केली. निमंत्रकांमध्ये आईचं नाव केव्हापासून यायला लागलं, नवरीच्या नावापुढे पदवी केव्हापासून लागली, दारातला मांडव जाऊन कार्यालय कधी आलं... कुठल्याही ग्रंथात नव्हतं ते सगळं त्या गुलाबी कागदांवर होतं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सरांचं तोंडभरून कौतुक केलं. "काय दृष्टी आहे तुमची!" सरांनी ते नम्रपणे स्वीकारलं.

पुढच्या वर्षी सरांच्या मुलीचं लग्न ठरलं. मॅडमच्या नावाने पाकीट आलं. आत दोन पत्रिका. एकीवर 'सहकुटुंब, सहपरिवार'. दुसरीवर सरांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी: 'संग्रहासाठी. कृपया घडी घालू नये.'

* * *

नारायण पेठेतच, गोडबोल्यांच्या गल्लीत, परांजपे आजोबा राहायचे. त्यांच्याकडे जुन्या दिवाळी अंकांचं अख्खं कपाट होतं. गोडबोल्यांनी आधीच सांगितलं, "मॅडम, ते देणार नाहीत. ते सख्ख्या भावाला कपाटाची काच पुसू देत नाहीत."

मॅडम मला घेऊन गेल्या. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं, कपाट उघडलं आणि एकच अंक काढून दिला. "वाचा. परत आणा. मग पुढचा मिळेल."

म्हणजे विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संचालक एका कपाटाच्या वर्गणीदार झाल्या! मॅडम दर शनिवारी जायच्या, अंक परत करायच्या आणि नवीन आणायच्या. नुसतं नेऊन आणून भागायचं नाही. आजोबा मध्येच विचारायचे, "ती दुसरी कथा कशी वाटली? शेवट पटला?" एकदा मॅडम दिल्लीला गेल्या आणि शनिवार चुकला. आजोबांनी दार अर्धंच उघडलं. "उशीर झाला. दंड पडेल."

"काय दंड?"

"आता तुमच्या लायब्ररीत मी येणार. कार्ड काढा माझं."

कार्ड निघालं. आजोबा आले, संग्रहाची खोली बघितली, खिडक्यांच्या जाळ्या हलवून बघितल्या, कपाटांवरून बोट फिरवून धूळ तपासली. महिन्याभरात त्यांचं कपाट आमच्याकडे आलं. आणि कपाटापाठोपाठ रोज आजोबाही यायला लागले. त्याच टेबलाशी बसायचे. कुणी थुंकी लावून पान उलटलं की, "ताट नाही ते! चाटू नका!" कुणी अंक पालथा ठेवला की, "तुम्हाला असं पोटावर टाकलं तर चालेल?"

शेवटी काही संशोधक विद्यार्थी मॅडमकडे गेले. "मॅडम, त्या आजोबांना प्लीज काहीतरी सांगा ना. खूप डिस्टर्ब होतं."

मॅडम म्हणाल्या, "अरे, ते संग्रहाचाच भाग आहेत. दान घेताना निवड करता येत नाही!"

* * *

एक किस्सा मात्र सांगताना मी थोडी हळू होते.

मॅडमना जलशांतली, चळवळीतली जुनी गाणी जमवायची होती. वस्त्यावस्त्यांत गायली गेलेली, कुणी छापली, कुणी नाही छापली. मॅडमचे वडील तरुणपणी अशाच एका जलशात कोरसला असत. हे मॅडमनी कधी भाषणात सांगितलं नाही. एकदा गाडीत सहज बोलून गेल्या, तेवढंच.

मांजरी गावाच्या पलीकडे अनुसयाबाई राहतात, त्यांना खूप गाणी येतात, असं कळलं. मॅडमनी त्यांना गाडी पाठवून बोलावून घेतलं. वय झालेलं, गुडघे धरलेले, पण आवाज खणखणीत.

मॅडमनी विचारलं, "आजी, कुठं लिहून ठेवलीत का ही गाणी?"

अनुसयाबाई म्हणाल्या, "कागदावर लिवली आस्ती तर तोंडात कशाला ठिवली आस्ती?"

तन्मय हा आमचा स्कॅनिंग-रेकॉर्डिंगचा इंजिनिअर. त्याने रेकॉर्डिंगच्या खोलीत मशीन लावलं, तर तिथला एसी घरघरायला लागला. "मॅडम, बॅकग्राउंड नॉइज खूप येतोय. वाचनकक्षाच्या मागचा कोपरा बेस्ट आहे." मग तिथंच सतरंजी टाकली. मॅडम खुर्चीवर बसतील असं वाटलं, तर त्या सरळ खाली, अनुसयाबाईंच्या समोर बसल्या.

पहिल्या ओळीलाच आवाज सगळ्या वाचनकक्षात घुमला. मुलांनी माना वर केल्या. डोक्यावर भिंतीवर भला मोठा फलक: 'शांतता राखा'. तो फलक म्हणजे गोडबोल्यांचा जीव की प्राण. मोबाइल वाजला तर ते पोराला जिन्यापर्यंत सोडायला जायचे! ते वरच्या मजल्यावरून तरातरा खाली आले.

ते कोपऱ्याशी येऊन थांबले. अनुसयाबाई डोळे मिटून गात होत्या. ध्रुवपदाला मॅडमनी हळूच, खालच्या पट्टीत सूर धरला. कोरसचा. आम्ही मॅडमना गाताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

एक विद्यार्थी उठून गोडबोल्यांपाशी आला आणि फलकाकडे बोट दाखवत म्हणाला, "सर, हे अलाउड आहे?"

गोडबोले त्याच्याकडे न बघता म्हणाले, "फलक बोलणाऱ्यांसाठी आहे. गाणाऱ्यांबद्दल त्यात काही लिहिलेलं नाही. बसा खाली."

* * *

त्या रेकॉर्डिंगची बातमी पसरली आणि लोक जुन्या कॅसेटी आणून द्यायला लागले. त्या वाजवायला आमच्याकडे काही नाही! मॅडम आणि तन्मय बुधवार पेठेत गेले. एकेका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात विचारत शेवटी एका जुन्या दुकानदारापाशी पोचले.

"कॅसेट प्लेअर आहे का?"

दुकानदाराने मॅडमकडे चष्म्यावरून पाहिलं. "बाई, ते आता संग्रहालयात मिळेल."

"मी तिथूनच आलेय," मॅडम म्हणाल्या.

* * *

सगळंच असं हसतखेळत नव्हतं बरं का. एका वर्षी खालच्या मजल्यावरच गदा आली. तिथले संग्रह हलवून स्टार्टअपवाल्यांसाठी काचेचं दालन करायचं असं वर ठरत होतं. 'संग्रहांचा वापर कमी आहे' हे कारण. जागेची पाहणी करायला समिती येणार होती. हलवणार म्हणजे गावाबाहेरच्या एका पत्र्याच्या गोडाऊनमध्ये! कागदाचं तिथे काय झालं असतं, ते सांगायला नको.

समितीत दोन वजनदार सदस्य होते. एक मोठे बिल्डर, एक निवृत्त सरकारी अधिकारी. दोघंही मूळचे मांजरीचे. मॅडमनी माहिती काढली असणार, असा आमचा संशय. त्या अर्थातच नाही म्हणतात.

मॅडमनी काही भाषण केलं नाही. टेबलावर संग्रहातले मांजरीकडच्या ऊसशेतीचे जुने फोटो नुसते मांडून ठेवले आणि म्हणाल्या, "बघून घ्या, मी चहाचं बघते."

बिल्डरसाहेबांनी एक फोटो उचलला आणि ओरडले, "अरे! हे तर आमचं रान! या लिंबाखाली आमचं गुऱ्हाळ लागायचं!"

अधिकारी वाकले. "लिंब तुमच्यात कुठं होता? तो आमच्या बांधावर होता."

"काय सांगताय! माझ्या आज्यानं लावलेला हाय तो!"

इतका वेळ पुस्तकी बोलणारे दोघंही बघता बघता गावाकडच्या बोलीत उतरले. "बांध कुठनं जातोय ते बघा की!" "बघा काय बघा, तुमच्या चुलत्यानीच सरकावला हाय!" बाकीची समिती चहा घेऊन थंड झाली तरी लिंबाचा निकाल लागेना. शेवटी बिल्डरसाहेब म्हणाले, "उद्या आमच्या थोरल्या तात्यांना घेऊन येतो. ते सांगतील." अधिकारी म्हणाले, "आणाच. मी आत्याला आणतो."

तात्या आले, आत्या आल्या. त्यांनी बघितलेले फोटो बघायला गावातली आणखी माणसं आली. खालच्या मजल्यावर खुर्च्या पुरेनात! आत्याबाईंनी फोटोतल्या माणसांची नावं एकामागून एक सांगितली आणि तन्मय टाईप करून दमला.

लिंब कुणाचा हे आजही ठरलेलं नाही. समितीचा अहवाल मात्र आला. त्यात एकच शिफारस होती: 'संग्रहांसाठी सध्याची जागा अपुरी आहे.'

* * *

आणि तो पाईप! एका रविवारी सकाळी वॉचमनचा फोन, तळघरात पाणी. वरचा पाईप फुटला होता. मी पोचले तेव्हा मॅडम साडी खोचून घोटाभर पाण्यात उभ्या, आणि गोडबोले, होय, इस्त्रीचे गोडबोले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पुठ्ठ्याचे खोके वर देत होते.

कागद वाचवायचे तर ताबडतोब वाळवायला हवेत, आणि उन्हात टाकून चालत नाही. वारा हवा, सावली हवी, दोऱ्या हव्यात. एवढ्या दोऱ्या कुठून आणायच्या? मॅडम तशाच ओल्या पायांनी समोरच्या मुलींच्या होस्टेलमध्ये गेल्या. मुली अर्धवट झोपेत.

"तुमचे कपडे काढून घ्या गं दोऱ्यांवरचे! मला इतिहास वाळत घालायचाय!"

होस्टेलचे सगळे व्हरांडे भरले. नाटकांची हँडबिलं, पत्रिका, गाण्यांच्या पुस्तिका, सगळं चिमट्यांवर. मुली पंखे आणून बसल्या, पानांमध्ये टीपकागद घालत बसल्या. वाळता वाळता वाचायलाही लागल्या. एक जण जुन्या पत्रिकेतला मंगलाष्टकांचा मुहूर्त मोठ्याने वाचायची, बाकीच्या "सावधान!" म्हणून ओरडायच्या. दुपारी शेजारच्या रस्त्याने जाणाऱ्या एका काकूंनी कुंपणाशी स्कूटर थांबवली आणि मला विचारलं, "सेल लागलाय का?"

मी काही बोलायच्या आत गोडबोले म्हणाले, "हो. पण साइज मिळणार नाही."

एखाददुसरा खोका सोडला तर सगळं वाचलं. मॅडम संध्याकाळी होस्टेलच्या पायरीवर बसल्या आणि पहिल्यांदाच रडल्या. मग एका मुलीने त्यांना मॅगी आणून दिली. ती त्यांनी संपवली आणि रॅपर घडी करून सॅकमध्ये ठेवलं.

* * *

निरोप समारंभात कुलगुरूंनी जाहीर केलं, की विशेष संग्रहांच्या विभागाला भालेकर मॅडमचं नाव द्यायचा विचार आहे. टाळ्या! मॅडम उत्तराला उभ्या राहिल्या.

"नाव नको. नाव दिलं की फोटो लागतो, फोटोला हार लागतो, हाराला स्टूल लागतं. तेवढ्या जागेत एक कपाट बसतं."

आणि खाली बसल्या. एवढंच भाषण!

* * *

आता शेवटचा. हा मी स्वतः पाहिलाय, म्हणून इतरांच्या तोंडून ऐकला तर विश्वास ठेवू नका.

मॅडम निवृत्त झाल्यावर नवे संचालक नेमले गेले नव्हते. गोडबोल्यांकडेच कार्यभार होता. काउंटरवर पूर्वा नावाची नवीन मुलगी लागली होती. कामाला चोख, पण मॅडमना तिने कधी पाहिलेलं नाही. एका सकाळी मॅडम सॅक लावून आल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. मी मागच्या टेबलावरून उठणार, तर त्यांनी डोळ्यांनीच मला खाली बसवलं.

"विशेष संग्रह बघायचाय," मॅडम म्हणाल्या.

पूर्वा म्हणाली, "त्याला संचालकांची परवानगी लागते, मॅडम. रूल आहे."

"बरोबर आहे. चांगला रूल आहे. विचारा त्यांना."

पूर्वाने इंटरकॉम उचलला. "सर, एक मॅडम आल्यात, विशेष संग्रह बघायचाय म्हणतात... नाव? मॅडम, आपलं नाव?"

"भालेकर."

"भालेकर म्हणून आहेत, सर... हो... हो, विचारते." तिने रिसीव्हरवर हात ठेवला. "सर विचारताहेत, कारण काय?"

मॅडमच्या गालात हसू आलं. "सांग, जुने कागद बघायचेत."

पूर्वाने सांगितलं, ऐकलं, पुन्हा रिसीव्हरवर हात ठेवला. जरा अवघडूनच म्हणाली, "सर म्हणतात, कारण मोघम आहे. स्पष्ट करावं."

मॅडम काउंटरच्या कडेवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "सांग, घरी करमत नाही."

पूर्वाने तसंच्या तसं सांगितलं. तिने दोनदा "हॅलो, सर?" म्हणून बघितलं. मग एकदम सरळ होऊन तिने ऐकलं, रिसीव्हर खाली ठेवला आणि गोंधळून मॅडमकडे पाहिलं.

"सर म्हणाले, पाठवून दे. आणि म्हणाले... त्यांना सांग, इथंही करमत नाही."